बेळगाव-खानापूरचे डोंगर पायी चढताना: येळ्ळूरपासून कणकुंबीपर्यंतची सविस्तर तयारी

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला खानापूर तालुक्यात आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यात पसरलेल्या डोंगरांचे माथे साधारण ९०० ते १००० मीटरच्या घरात आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा प्रत्यक्ष चढ त्यामुळे बहुतेक ठिकाणी दोन-तीनशे मीटरांहून अधिक भरत नाही, आणि १६४६ मीटरचे कळसूबाई चढून आलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या भागातली अवघड बाजू उंची नाही. पाऊस, धुके, दाट रान आणि खुणा नसलेले जांभ्या दगडाचे सडे या चार गोष्टी इथल्या चालीची परीक्षा पाहतात, आणि चारही गोष्टी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाल तशा वाढत जातात. म्हणून नवख्या माणसाने इथले डोंगर उंचीच्या क्रमाने निवडू नयेत. आधी शहराजवळचा उघडा येळ्ळूरगड, मग वैजनाथ-महिपाळगड, त्यानंतर बैलूर आणि अखेरीस कणकुंबी-चोर्ला असा पूर्व-पश्चिम क्रम धरावा. पुढचे सारे विवेचन याच क्रमावर बेतलेले आहे.

पायाखालची जमीन आणि डोक्यावरचा पाऊस

या डोंगरांचा गाभा दख्खनच्या काळ्या कातळाचा असून पुष्कळ माथ्यांवर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभ्याचे हे सपाट, जवळजवळ मातीविरहित पठार म्हणजे सडा. उन्हाळ्यात सडा तापतो आणि त्याच्या धारदार कडा पातळ तळव्यांची पादत्राणे फाडतात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि तो कमालीचा निसरडा होतो. पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे गेल्यास दगड बदलून वालुकाश्म लागतो, पाऊस कमी होतो आणि रान विरळ होते; त्या बाजूची चाल हा वेगळा विषय आहे.

पावसातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बेळगाव शहरात वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कणकुंबीत तो तीन हजार मिलिमीटरच्याही वर जातो. सकाळी शहरातल्या टिळकवाडीत लख्ख ऊन असताना कणकुंबीच्या रस्त्यावरच्या जांबोटीपुढे दिवे लावून गाडी चालवावी लागते, हा अनुभव जुलै-ऑगस्टमध्ये कोणालाही येईल. शहरातले आकाश पाहून पश्चिमेकडच्या चालीचा निर्णय कधीही घेऊ नये. शक्य असेल तर त्या गावातल्या ओळखीच्या कोणाला किंवा कणकुंबीकडून सकाळी आलेल्या बसच्या वाहकाला विचारावे.

पाण्याची वाटणी हीही कामाची माहिती आहे. कणकुंबीच्या माउली मंदिराच्या परिसरात मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. तिथून फार दूर नसलेल्या देगावच्या रानातून निघालेली म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी म्हणून समुद्राला जाते. बैलूरच्या डोंगरात उगवणारी मार्कंडेय नदी पूर्ववाहिनी असून तिचे पाणी राकसकोप जलाशयात अडवून बेळगावला पुरवले जाते. वाट चुकल्यावर ओढ्याच्या कडेने खाली उतरावे की नाही, हा प्रश्न या वाटणीवर अवलंबून असतो. त्याचा विचार पुढे धुक्याच्या भागात केला आहे.

केव्हा जावे

दसऱ्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. ऑक्टोबरमध्ये गवत हिरवे असते, ओढ्यांना पाणी असते आणि हवा स्वच्छ झाल्याने दूरवरचे डोंगर दिसतात. मात्र याच महिन्यात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो, म्हणून दुपारी एकच्या आत माथा सोडावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी आणि दिवसा सुखद ऊन असते, पण सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि रानात त्याआधीच अर्धा तास अंधारून येते.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यांवर रानफुलांचे गालिचे उमलतात आणि ते पाहण्यासाठी पावसात भिजण्याची तयारी ठेवणे योग्यच आहे. फक्त ती चाल नवख्याने एकट्याने करू नये. मातीचा थर बोटभरही नसलेल्या या सड्यांवरची झाडे पायाखाली गेली तर ती बी धरण्याआधीच नष्ट होतात. म्हणून फुलांच्या दिवसांत उघड्या दगडावरूनच पाय टाकावा आणि छायाचित्रासाठी फुलांत बसू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जून-जुलैच्या मुसळधार दिवसांत घाटमाथ्याकडे न जाणे उत्तम. एप्रिल-मेमध्ये करवंदे आणि जांभळे मिळतात खरी, पण ऊन, वणवे आणि वळवाच्या विजा यांमुळे सकाळी सहा ते दहा एवढाच वेळ चालण्याजोगा राहतो.

घरी करायची तयारी

पहिली तयारी पायांची. ठरलेल्या दिवसाच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातून चार दिवस तासभर भरभर चालावे. शहरात राहणाऱ्यांना वॅक्सिन डेपोचा झाडीभरला परिसर यासाठी सोयीचा आहे. त्यातले दोन दिवस पाठीवर चार-पाच किलोचे ओझे घ्यावे आणि जिने चढ-उतर करावेत. उतरण्याचा सराव बहुतेक जण टाळतात, परंतु गुडघे दुखतात ते उतारावर. नवे बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये. निदान पन्नास किलोमीटर ते पायात मुरू द्यावेत. बुटाचा तळ रबराचा आणि खोल नक्षीचा हवा. गुळगुळीत झालेल्या तळाचा बूट ओल्या जांभ्यावर अजिबात धरत नाही, मग तो कितीही महागडा असो.

अंगावर पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा आणि सैल, पूर्ण लांबीची पँट असावी. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या सोलवटते, म्हणून ती टाळावी. मोजे लांब असावेत, म्हणजे पँटचे पाय त्यात खोचता येतात. जळवा आणि गोचीड यांच्यापासून याइतके साधे आणि खात्रीचे संरक्षण दुसरे नाही. कपड्यांचा रंग शक्यतो फिका निवडावा, कारण त्यावर गोचीड पटकन दिसते. पावसाळ्यात डोंगरावर छत्री निरुपयोगी ठरते. वारा ती उलटवतो आणि हात अडकून राहतो. खानापूरच्या शेतांत लावणी करणाऱ्या बायका इरले पाठीवर घेऊन दोन्ही हात मोकळे ठेवतात, त्यामागचे शहाणपण हेच आहे. टोपी असलेला रेनकोट घ्यावा आणि पिशवीतल्या वस्तू आतून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधाव्यात.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. उन्हाळ्यात त्याहून अधिक. खाणे शिळे होऊनही न बिघडणारे असावे: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी, भडंग. बेळगावचे चिरमुरे हलके असतात आणि पोटालाही सोसतात, फक्त त्यांत शेंगदाणे-डाळे सढळ हाताने घालावेत, नाही तर तासाभरात भूक लागते. मीठ-साखरेची जलसंजीवनीची पाकिटे, पट्टी, जंतुनाशक, स्वतःची नेहमीची औषधे, शिटी, बॅटरी आणि काडेपेटी या वस्तू अर्ध्या दिवसाच्या चालीलाही सोबत असाव्यात.

नकाशाबाबत थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. मोबाइलवरचे नकाशे रस्त्यांसाठी ठीक आहेत, परंतु रानातल्या पायवाटा त्यांत पुष्कळदा नसतात किंवा चुकीच्या असतात, आणि जांबोटी सोडल्यावर रेंज अनेक ठिकाणी जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यात दोन सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षातला एक किलोमीटर, आणि समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा वीस-वीस मीटर उंचीच्या अंतराने असतात. रेषा दाटीने आलेल्या जागी कडा किंवा तीव्र उतार आहे, हे ओळखता आले की निम्मे काम झाले. नकाशा कागदावर छापून घ्यावा, त्यावर आपली वाट, पाण्याची ठिकाणे आणि सर्वांत जवळचे गाव पेन्सिलीने मांडावे, आणि साधे होकायंत्र सोबत ठेवावे. गावांची नावे नकाशात, पाटीवर आणि लोकांच्या तोंडी वेगवेगळी लिहिली-बोलली जातात. म्हणून नकाशावरच्या गावाचे नाव निघण्याआधीच स्थानिक माणसाकडून ताडून घ्यावे.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर शंभर मीटर चढाला दहा मिनिटे अधिक. आठ किलोमीटर अंतर आणि २५० मीटर चढ असेल तर उत्तर साधारण दोन तास येते. परंतु हा नियम धडधाकट माणसाचा आणि चांगल्या वाटेचा आहे. आपल्याकडच्या गवताळ, दगडी वाटांवर कुटुंबासह चालताना त्यात निम्मी भर घालावी, आणि पावसात ते दुप्पट धरावे. अशा हिशेबाने जी वेळ येईल तिच्यानंतर सूर्यास्ताला निदान दोन तास शिल्लक राहत नसतील, तर वाट छोटी करावी.

निघण्याआधी घरच्या एका जबाबदार माणसाकडे कोणत्या गावातून चढणार, कोणत्या गावात उतरणार, सोबत कोण आहे आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास चौकशी करावी, हे लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले गोंधळात विसरले जाते.

पहिला टप्पा: येळ्ळूरचा राजहंसगड

शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवरचा हा गड सरावासाठी योग्य आहे, कारण सारा डोंगर उघडा आहे, चुकण्यासारखे रान नाही आणि गडाखालीच गाव आहे. वरपर्यंत डांबरी रस्ता जातो. तो टाळून येळ्ळूर गावातून शेतवाटेने चालत जावे. माथ्यावर सिद्धेश्वराचे मंदिर, तट, बुरूज आणि अलीकडे उभारलेला शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा आहे. तटावरून पश्चिमेकडे तोंड करून नकाशा पसरावा आणि वैजनाथाचा डोंगर, बैलूरची रांग, खानापूरकडची झाडी एकेक करून ओळखावी. पुढचे सगळे टप्पे इथून डोळ्यांखाली येतात, आणि होकायंत्राने दिशा घेण्याचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, पहाटे जावे.

दुसरा टप्पा: वैजनाथ आणि महिपाळगड

बेळगावहून शिनोळीमार्गे देवरवाडी गाठावी. इथे राज्याची सीमा ओलांडली जाते आणि आपण कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात येतो. या सीमेचे व्यवहारातले परिणाम ध्यानात ठेवावेत: अलीकडे कर्नाटकाच्या बस, पलीकडे महाराष्ट्राची एसटी, सीमाप्रश्नावरून वातावरण तापलेल्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या बसफेऱ्या अचानक थांबतात, आणि भाड्याची टॅक्सी असेल तर तिच्याकडे दुसऱ्या राज्याचा परवाना आहे का हे आधीच विचारावे लागते.

देवरवाडीहून झाडीतून वर वैजनाथाच्या प्राचीन दगडी मंदिरापर्यंत जाता येते. शेजारीच आरोग्य भवानीचे मंदिर आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा शांतपणे चालायचे असेल तर तो दिवस टाळावा. मंदिरापासून पुढे डोंगराच्या अंगाने महिपाळगडाकडे वाट जाते. गडावर आजही नांदते गाव आहे, ही त्याची विशेष ओळख. म्हणजे तटाआत शिरताना आपण एखाद्या ओसाड वास्तूत नाही, लोकांच्या अंगणात शिरत असतो. घरांच्या आत डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत, विहिरीवर पाय धुऊ नयेत आणि पाणी हवे असल्यास घरी मागावे. नाही म्हणणारे घर सहसा मिळत नाही.

या टप्प्यात शिकायची गोष्ट म्हणजे रानातून वाट धरून ठेवणे. गुरांच्या वाटा माणसांच्या वाटेला येऊन मिळतात आणि पुन्हा फुटतात. दोन वाटा लागल्या तर अधिक झिजलेली, दगडांवर चपलांचे घासलेले डाग असलेली वाट बहुधा गावाची असते. झुडपांच्या खालून कंबरेएवढ्या उंचीच्या बोगद्यातून जाणारी वाट गुरांची किंवा जंगली जनावरांची असते. प्रत्येक फाट्यावर वळून मागे पाहावे, कारण परतताना तीच जागा वेगळी दिसते. वाट विचारताना ‘ही वाट अमुक गावाला जाते ना?’ असे विचारू नये, कारण समोरचा माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणून जातो. ‘मामा, ही वाट कुठं जाते?’ असे विचारावे आणि उत्तर आपल्या नकाशाशी ताडावे.

तिसरा टप्पा: बैलूर

बैलूर हे खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या अलीकडे उजव्या अंगाला वसलेले गाव. इथून पुढे पाऊस वाढतो, झाडी दाटते आणि डोंगराचा स्वभाव घाटाचा होऊ लागतो. गावात चौकशी करून एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घ्यावे आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी बोलून ठरवावी. भातलावणी आणि सुगीच्या दिवसांत कोणाला वेळ नसतो, तेव्हा आग्रह धरू नये.

या पट्ट्यात देवराया आहेत. देवराईत चपला काढून शिरावे, फांदी, फळ, वाळलेले लाकूडसुद्धा उचलू नये, आणि जिथे स्त्रियांनी किंवा परगावच्या माणसांनी न जाण्याचा गावाचा नियम असेल तिथे वाद न घालता बाहेरून नमस्कार करून पुढे जावे. या नियमांमुळेच आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी राईतले झरे उन्हाळाभर टिकले आहेत. रानाच्या कडेला धनगर गवळ्यांचे वाडे भेटतात. इथल्या वाटा, पाणवठे आणि जनावरांचा वावर यांची त्यांच्याइतकी माहिती कोणालाच नसते, म्हणून त्यांनी ‘आज तिकडं जाऊ नका’ म्हटले तर कारण न विचारता बेत बदलावा. वाड्याजवळ कुत्री असतात. दुरून हाक मारून थांबावे.

चौथा टप्पा: कणकुंबी, चिखले आणि चोर्ल्याची बाजू

बेळगाव-पणजी रस्ता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा जातो. कणकुंबीपर्यंत बस मिळते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून लिहून ठेवावी, कारण ती चुकल्यास रात्र गावात काढावी लागते. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, परंतु वाहक आणि गावकरी मराठी बोलतात, त्यामुळे अडचण येत नाही.

कणकुंबीच्या आसपासचे सडे, चिखले-पारवाडकडची धबधब्यांची बाजू आणि चोर्ल्याजवळचा घाटमाथा हा या सगळ्या प्रदेशाचा सर्वांत देखणा भाग आहे. पठार शांतपणे चालत येते आणि अचानक शेकडो मीटर खाली तुटते. खाली गोव्यातले सत्तरीचे रान दिसते. सौंदर्य आणि धोका इथे एकाच रेषेवर आहेत. कड्याच्या काठापासून दहा पावले आत राहावे, काठावरच्या ओल्या गवतावर पाय टाकू नये आणि धुके असताना काठाकडे जाऊच नये. पावसाळ्यात धबधब्यांच्या डोहात उतरू नये. वरच्या बाजूला पडलेल्या सरीने पाणी काही मिनिटांत वाढते; पाण्याचा रंग गढूळ झाला, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर तत्काळ वर यावे. अपघातांमुळे गेल्या काही पावसाळ्यांत खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांकडे जाण्यास मनाई करण्यात आली होती. निघण्याआधी त्या आठवड्यातला आदेश वनखात्याकडून किंवा पोलिसांकडून विचारून घ्यावा, आणि मनाई असल्यास चोरवाटेने जाण्याचा विचार सोडून द्यावा.

भीमगडाविषयी इथेच लिहितो, कारण पुष्कळ तरुणांच्या मनात हा गड असतो. शिवकाळात पोर्तुगीजांवर नजर ठेवणारा हा गड आज भीमगड वन्यजीव अभयारण्यात आहे. सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून आत शिरणे गुन्हा आहे. अभयारण्याच्या खानापूर बाजूच्या वन कार्यालयात लेखी चौकशी करावी, परवानगी मिळाली तर त्यांनी दिलेल्या माणसासह आणि त्यांनी सांगितलेल्या वाटेनेच जावे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एका अत्यंत दुर्मीळ वटवाघळाची वसती आहे; त्या जातीचा शास्त्राला पहिला परिचय याच गुहांतून झाला. माणसाची चाहूल आणि उजेड यांनी वटवाघळे गुहा सोडून जातात, म्हणून त्या गुहा पाहण्याचा हट्ट कोणीही धरू नये.

धुके, ओढा आणि वीज

सड्यावर धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो, आणि सगळीकडे सारखाच दगड असल्याने दिशा समजत नाही. अशा वेळी पहिले काम थांबणे. सर्वांनी एकत्र बसावे, शेवटची खात्रीची खूण कोणती आणि ती किती मिनिटांपूर्वी सोडली हे बोलून ठरवावे. अर्धा-पाऊण तास वाट पाहिल्यास धुके बरेचदा फाटते. न फाटल्यास होकायंत्राने पूर्व धरून, एकमेकांना हाक पोहोचेल एवढ्या अंतरावर रांगेत चालावे.

ओढ्याच्या कडेने उतरले की गाव लागते, ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे. इथे ती अर्धीच खरी आहे. पूर्वेकडे वाहणारा ओढा हळूहळू उतरत भातशेतापर्यंत आणि पुढे वस्तीपर्यंत नेतो. घाटमाथ्यावरून पश्चिमेकडे वाहणारा ओढा मात्र कड्यावर जाऊन धबधबा होतो, आणि त्याच्या कडेने उतरणारा माणूस जिथे पुढे जाता येत नाही आणि मागे चढताही येत नाही अशा जागी अडकतो. कणकुंबी-चोर्ला भागात वाट चुकल्यास पश्चिमेच्या ओढ्यात कधीही उतरू नये. पूर्वेला, डांबरी रस्त्याच्या दिशेने परतावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याच क्षणी माथा सोडावा. एकाकी झाडाखाली, बुरुजावर किंवा मंदिराच्या कळसाजवळ आसरा घेऊ नये. उतरता आले नाही तर उघड्यावर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसावे; आडवे पडू नये.

जनावरे

गवा या रानांत नेहमीचा आहे. तो दिसला तर किमान पन्नास मीटर अंतर ठेवून थांबावे, त्याला निघून जाऊ द्यावे, आणि एकटा नर असेल तर वाट सोडून लांबचा वळसा घ्यावा. अस्वलाचे तसे नाही. त्याची नजर अधू असते आणि ते अचानक समोर आल्यावर घाबरून हल्ला करते. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला दाट झुडपांतून चालू नये, आणि चालताना आपसात बोलत राहावे. हत्ती अधूनमधून खानापूर-चंदगडच्या शेतांपर्यंत येतात. गावात तशी बातमी असेल तर त्या दिवसाची चाल रद्द करावी. तटबंदीच्या कोनाड्यांत आणि कड्यांवर आग्या मोहोळ असते. त्याच्याजवळ धूर, अत्तराचा उग्र वास आणि मोठा आवाज टाळावा. माश्या उठल्यास डोके-तोंड झाकून सरळ दूर पळावे, पाण्यात बुडी मारू नये.

सर्पदंशाबाबत ठाम राहावे. घोणस, फुरसे, नाग, मण्यार आणि रानात चापडा असे विषारी साप इथे आहेत. फुरसे तर दगडांच्या फटीत बसते, म्हणून न पाहता दगडावर हात टेकू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, गावठी औषधात वेळ घालवू नये. अंगठी, कडे, पैंजण काढावेत, दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने हलणार नाही असा सैल बांधावा, माणसाला शक्यतो चालू न देता उचलून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खानापूरचे तालुका रुग्णालय किंवा बेळगावचे जिल्हा रुग्णालय गाठताना फोन करून प्रतिविष उपलब्ध असल्याची खात्री करून घ्यावी. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

परतल्यावर

पावसाळ्यात जळवा लागतातच. नखाने तिच्या तोंडाची बाजू आधी सोडवून ती काढावी, ओढू नये. रक्त थोडा वेळ वाहत राहते, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. जागा धुऊन दाबून धरली की पुरते.

गोचीड त्याहून गंभीर आहे. लगतच्या सत्तरी आणि दोडामार्ग भागांत २०१५-१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेलेला हा विषाणूजन्य आजार गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या, म्हणजे नेमक्या चालण्याच्या दिवसांत असतो. म्हणून वाळलेल्या पाल्यावर थेट बसू नये, काजूच्या बागांत आणि रानाच्या कडेला विसावा घेताना खाली चादर अंथरावी, आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता ती जागा वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावी. घरी पोहोचल्याबरोबर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काख, जांघ, कानामागची जागा, गुडघ्याची खोबण, केसांची मुळे नीट पाहावीत. लहान मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावी. ती बोटांनी चिरडू नये, त्यावर रॉकेल ओतू नये की काडी लावू नये.

चावा लागल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाल्यास अंगावर काढू नये आणि मनाने ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत, कारण या आजारात रक्तस्रावाचा धोका असतो. डॉक्टरांकडे जाताना आपण कोणत्या तारखेला, कोणत्या गावाच्या रानात गेलो होतो आणि अंगावर गोचीड सापडली होती का, हे आपणहून सांगावे. शहरातल्या दवाखान्यात रुग्ण रानात जाऊन आला असेल असे गृहीत धरले जात नाही, आणि ही माहिती मिळाली नाही तर योग्य तपासणी व्हायला दिवस निघून जातात. सोबत गेलेल्या बाकीच्यांनाही त्याच दिवशी फोन करून त्यांची विचारपूस करावी.